सक्तीचं वाचन आणि कुलूपबंद कपाट : एका हायस्कूलमधल्या उन्हाळी प्रकल्पाची हकिकत

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यातलं एक बाजाराचं गाव. तिथलं पाचवी ते दहावीचं अनुदानित हायस्कूल. आसपासच्या वाड्यांमधून मुलं येतात, काही चालत, बरीचशी एसटीने. मी तिथे मराठी शिकवते. शाळेचं आणि मुलांचं नाव इथे दिलेलं नाही. कुणाची ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील बदललेत, बाकी घडलं तसं मांडते आहे.

२०२२-२३ ला आठवीत असलेल्या मुलांचं सहावीचं बहुतेक वर्ष कोविडमुळे घरी गेलं होतं. वर्गात धडा मोठ्याने वाचायला सांगितला की अर्धी मुलं ओळीखाली बोट धरून वाचायची. जोडाक्षर आलं की थांबायची. त्यांना अर्थ कळत नव्हता असं नाही. तोच धडा मी वाचून दाखवला तर पटापट उत्तरं द्यायची. सवय तुटली होती, एवढंच. त्यामुळे सुट्टीत मुलांनी एक तरी पुस्तक पूर्ण वाचावं, असं मनापासून वाटत होतं. मुख्याध्यापक सरांनाही ते पटलं.

प्रकल्प कसा ठरला

एप्रिलमध्ये नववीत जाणाऱ्या ७१ मुलांना सूचनापत्र दिलं. दहा पुस्तकांची यादी, त्यातलं कुठलंही एक वाचायचं आणि सोळा पानी वहीत प्रकल्प लिहायचा. यादीत साने गुरुजींची ‘श्यामची आई’ होती, व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ होती, वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ होतं. ‘प्रकल्प न देणाऱ्यास पहिल्या घटक चाचणीला बसता येणार नाही,’ हे वाक्य सूचनापत्राच्या तळाशी ठळक अक्षरात होतं. ते मीच लिहिलं होतं.

गुणांची विभागणीही माझीच : मुखपृष्ठ ३, हस्ताक्षर ३, लेखक परिचय ४, सारांश ६, पुस्तकातून मिळणारा बोध ४. एकूण २०. पुढे जे झालं त्याची निम्मी मुळं या एका ओळीत आहेत. पुस्तकाबद्दल मुलाला स्वतःला काय वाटलं, याला त्यात एकही गुण नव्हता. पुस्तक न उघडता वीसपैकी वीस मिळवता येतील अशीच ती विभागणी होती आणि मला ते तेव्हा दिसलं नाही.

सूचनापत्र वाटलं त्या दिवशी मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, “बाई, पुस्तक शाळेतून मिळणार काय?”

मी म्हणाले, “तालुक्याच्या वाचनालयात मिळेल. नाहीतर घरच्यांना विकत घ्यायला सांगा.”

या प्रकरणातला पहिला निर्णय हा होता. तो मी चालता चालता, वर्गाच्या दारात उभी राहून घेतला. तालुक्याचं गाव बारा किलोमीटरवर. वाचनालयाचं सभासद व्हायला अनामत भरावी लागते, सोबत मोठं माणूस लागतं. पुस्तक बदलायला जायचं म्हणजे दर वेळी एसटीचं तिकीट आणि घरच्या कुणाचा तरी अर्धा दिवस. आणि मे महिना म्हणजे आमच्याकडे हंगाम. आंबा उतरवायचा, निवडायचा, पेट्या भरायच्या. काजूच्या बिया वाळवायच्या. मुंबईकर पाहुणे घरात. मुलांचे हात सगळ्यांना हवे असतात.

शाळेत पुस्तकं नव्हती असं नाही. तीन लाकडी कपाटांत मिळून दोन हजारांच्या वर पुस्तकं होती. पण पटसंख्या कमी, त्यामुळे ग्रंथपालाचं पद नाही. चित्रकलेचे सर ग्रंथालयाचा कार्यभार सांभाळतात. दर एप्रिलला साठा पडताळणी असायची. त्यासाठी मुलांकडची सगळी पुस्तकं २० तारखेपर्यंत जमा करून घ्यायची, मोजायची, रजिस्टरशी ताळा घ्यायचा आणि कपाटांना कुलूप लावायचं, ते जूनमध्ये उघडायचं. एखादं पुस्तक कमी भरलं तर भरपाई सरांच्या खिशातून, अशी धास्ती. मुलांना वाचनाची सक्ती करणारं सूचनापत्र आणि पुस्तकं जमा करण्याची सूचना, दोन्ही एकाच आठवड्यात वर्गात फिरल्या. शिक्षकांपैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नाही. मुलांच्या आलं असणार.

जूनमध्ये काय समोर आलं

६६ वह्या आल्या. पहिल्या दहा-बारा तपासल्या तेव्हा मी खूश होते. स्केचपेनच्या चौकटी, कापून चिकटवलेला साने गुरुजींचा फोटो, एकसारखं अक्षर. विसाव्या वहीपर्यंत वाक्यं ओळखीची वाटायला लागली. तिसाव्या वहीला मी थांबले आणि वह्या जमिनीवर पसरून शेजारी शेजारी लावल्या.

‘श्यामची आई’वर लिहिलेल्या २८ वह्यांमधला सारांश शब्दाला शब्द एकच होता. त्यातल्या १९ वह्यांत शाळेतल्या छडीच्या एका गाण्याचं वर्णन होतं. ते गाणं पुस्तकात नाही. ते आचार्य अत्र्यांनी १९५३ साली काढलेल्या चित्रपटातलं आहे. पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं गेलं. म्हणजे कुणीतरी चित्रपट पाहून सारांश लिहिला होता आणि तो सगळीकडे फिरला होता. एसटी स्टँडजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्पाची पानं मिळत होती, हे नंतर मुलांनीच सांगितलं. नक्कल केलेल्या बाकीच्यांनी फोनवरून उतरवलं होतं.

त्या ढिगात एका मुलीची वही होती. मुखपृष्ठ नाही, चित्र नाही, जेमतेम दोन पानं, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका भरपूर. माझ्या विभागणीप्रमाणे मी तिला ४ गुण दिले होते. तिने ‘बनगरवाडी’वर लिहिलं होतं. सारांश अर्धवटच होता, आणि शेवटी एक परिच्छेद होता, जो कुठल्याच रकान्यात बसत नव्हता : दुष्काळात वाडी उठून गेली तसं आमच्या वाडीचं पण झालं, पाऊस असून झालं, माणसं मुंबईला गेली, पोरं कमी म्हणून शाळा बंद केली, आता शाळेत लाकडं ठेवतात.

तीच वही मी आधी तपासली होती. ते वाक्य वाचूनही ४ गुण दिले होते, कारण बोधाच्या रकान्यात काही लिहिलेलं नव्हतं.

एक चूक, जी टाळता आली असती

दुसऱ्या दिवशी मी वर्गात रागाने गेले. दोन वह्या उघडून तेच वाक्य दोनदा वाचून दाखवलं आणि वह्या कुणाच्या ते सांगितलं. वर्ग हसला. त्या दोघांपैकी एक मुलगा पुढचे तीन दिवस शाळेत आला नाही. त्याच्या घरी गेले तेव्हा त्याची आई म्हणाली, “बाई, त्याचे बाबा बागेत जातात पहाटे पाचला. हा पण जायचा. पुस्तक कुठून आणू आम्ही?” मी तिथे बसून चहा घेतला आणि त्याची माफी मागितली. वर्गासमोर केलेला अपमान घरी मागितलेल्या माफीने पुरता भरून येत नाही. पुढे वर्षभर तो माझ्या तासाला मान वर करत नव्हता.

कोणते पर्याय समोर होते

शिक्षकांच्या बैठकीत चर्चा बरीच तापली. विज्ञानाच्या सरांचं म्हणणं सरळ होतं : नक्कल ती नक्कल, सगळ्यांना शून्य द्या, पालकांना बोलवा. आज सोडलं तर दहावीत हेच करतील. दुसरं टोक एका ज्येष्ठ बाईंचं. त्या म्हणाल्या, उतरवून काढताना तरी चार पानं डोळ्यांखालून गेली, गुण देऊन टाका, मुलांना घाबरवू नका. प्रकल्प पुन्हा लिहून घ्यावा, गणपतीच्या सुट्टीत, असं तिघांना वाटत होतं. आणि चित्रकलेचे सर म्हणाले की आपल्याकडे वेळ नाही, पुस्तकं नाहीत, तर प्रकल्पच बंद करावा.

शून्य देण्याची बाजू मला सुरुवातीला पटत होती. पण शून्य द्यायचं तर कुणी वाचलं आणि कुणी नाही हे आधी कळायला हवं. वहीवरून ते कळत नव्हतं, हे मी स्वतःच सिद्ध केलं होतं. म्हणून मुख्याध्यापक सरांकडे तीन आठवडे मागून घेतले. प्रत्येक मुलाशी पाच मिनिटं एकट्याने बोलायचं ठरवलं. मधल्या सुट्टीत, ऑफ तासाला, एसटीची वाट बघताना.

पहिला प्रश्न काय असावा यावर मी दोन दिवस विचार केला. ‘वाचलंस का?’ विचारलं तर सगळे हो म्हणणार. म्हणून विचारायचं ठरलं, ‘पुस्तक कुठून मिळवलंस?’

या एका प्रश्नाने प्रकरण उलटं झालं. ६६ पैकी ४३ मुलांच्या हातात ते पुस्तक कधी आलंच नव्हतं. २३ जणांना मिळालं होतं. कुणी मामाकडे मुंबईला गेलं होतं आणि दादरहून आणलं, कुणाच्या घरी आत्याची जुनी प्रत होती, दोघांच्या वडिलांनी तालुक्याहून विकत घेतली. आणि या २३ पैकी १७ जणांनी पुस्तक खरोखर वाचलं होतं. प्रसंग सांगत होते, माणसांची नावं घेत होते, एक मुलगा तर ‘श्यामची आई’तल्या एका प्रकरणापाशी आपण पुस्तक मिटलं असं सांगून गप्प झाला.

ज्यांना पुस्तक मिळालं त्यांच्यापैकी बहुतेकांनी वाचलं. मुलं वाचत नाहीत, फोनने वाटोळं केलं, हे मी स्टाफरूममध्ये कितीतरी वेळा बोलले होते. बैठकीत हे आकडे सांगताना माझा आवाज नीट निघत नव्हता. विज्ञानाच्या सरांनी फक्त एवढंच विचारलं, “म्हणजे त्रेचाळीस जणांना आपण जे मागितलं ते त्यांच्याकडे नव्हतंच?”

काय केलं

त्या वर्षीपुरते सगळ्यांचे गुण रद्द केले आणि घटक चाचणीची अट काढून टाकली. हे आम्हाला सर्वांत न्याय्य वाटलं. आज वाटत नाही. वाचलेल्या सतरांपैकी एक मुलगी येऊन म्हणाली, “मी वाचलं होतं, मग माझे का काढले?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांना बोलण्यावरून गुण देता आले असते. उरलेल्यांना वर्षभरात पुस्तक देऊन तीच संधी देता आली असती. एकसारखं करण्याच्या घाईत आम्ही खरं काम केलेल्यांवर अन्याय केला.

मग जुलैपासून शनिवारचे शेवटचे दोन तास वाचनाला घेतले. इथे एक कायद्याची गोष्ट उपयोगी पडली, ती इतर शिक्षकांसाठी मुद्दाम लिहिते. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तकावरचा स्वामित्वहक्क संपतो. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले, म्हणजे २०११ पासून त्यांचं लेखन सर्वांसाठी खुलं आहे. ‘श्यामची आई’च्या प्रकरणांच्या प्रती काढून आम्ही वर्गात वाटू शकलो, कुणाची परवानगी न घेता. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’तले उतारेही तसेच घेतले, कारण लक्ष्मीबाई १९३६ सालीच गेल्या. ‘बनगरवाडी’चं तसं करता येत नाही, माडगूळकर २००१ पर्यंत होते. तिच्या पाच प्रती विकत आणल्या.

गुरुजींचं पालगड आमच्याच जिल्ह्यात, दापोली तालुक्यात. मुलांना पुस्तकातली झाडं, पऱ्या म्हणजे ओढे, पावसाळ्यातली वाट समजावून सांगावी लागत नव्हती. चौथ्या-पाचव्या शनिवारी एकाने हात वर केला : “बाई, ते छडीचं गाणं यात कुठाय?” सगळे पानं उलटायला लागले. पुस्तकात ते नाही हे त्यांनी स्वतः शोधून काढलं. मी काहीच बोलले नाही. जूनमध्ये ज्या गोष्टीवरून मी रागावले होते तिच्यावर वर्ग मोकळेपणाने बोलला. कुणी किती रुपयांना पानं आणली हेसुद्धा सांगितलं.

दुसऱ्या वर्षीची मांडणी

२०२४ साठी आम्ही कपाटांपासून सुरुवात केली. साठा पडताळणी एप्रिलमधून काढून दिवाळीच्या सुट्टीला जोडून घेतली. पडताळणी वर्षातून एकदा व्हायला हवी. ती एप्रिलमध्येच का, तर नेहमी तशी होते म्हणून. चित्रकलेच्या सरांची धास्ती खरी होती. ती घालवायला मुख्याध्यापक सरांनी शाळा समितीत ठराव करून घेतला : सुट्टीत दिलेल्या पुस्तकांपैकी ठरावीक संख्येपर्यंत पुस्तकं गहाळ किंवा खराब झाली तर त्यांचं रीतसर निर्लेखन होईल, म्हणजे ती रजिस्टरमधून कमी केली जातील, कुणाच्या पगारातून कापलं जाणार नाही. सरांनी ठरावाची प्रत कपाटाच्या दाराला आतून चिकटवली.

माजी विद्यार्थ्यांनी दहा हजार रुपये दिले, त्यातून नवी पुस्तकं घेतली. शाळेचं ग्रंथालय मे महिन्यात आठवडा बाजाराच्या दिवशी सकाळी तीन तास उघडं ठेवलं, कारण त्या दिवशी मुलं घरच्यांबरोबर गावात येतातच. त्यासाठी आम्ही चौघांनी आपसात पाळ्या लावल्या. बाजाराला येऊ न शकणाऱ्यांसाठी चार वाड्यांत पुस्तकांच्या पेट्या ठेवल्या. पेट्या आंब्याच्याच, लाकडी, एका बागायतदारांनी दिलेल्या. एक किराणा दुकानात, एक अंगणवाडीत, दोन घरांमध्ये.

दोनपैकी एक घर चुकलं. त्या वाडीत भावकीचा जुना वाद आहे. आम्ही पेटी एका बाजूच्या घरात ठेवली आणि दुसऱ्या बाजूची मुलं तिकडे फिरकली नाहीत. पेटी ठेवण्याआधी वाडीतल्याच मुलांना विचारलं असतं तर त्यांनी एका मिनिटात सांगितलं असतं.

यादी काढून टाकली. कुठलंही पुस्तक चालेल, जुने दिवाळी अंक चालतील, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे चालेल. घरात चांगला फोन असेल तर बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही चालतील. १९७१ पासूनचे अंक संकेतस्थळावर मोफत आहेत. वही नको. परत आल्यावर पाच मिनिटं बोलायचं आणि पुस्तकातला आपल्याला आवडलेला किंवा न पटलेला एक उतारा घरात कुणालातरी वाचून दाखवायचा. ते काय म्हणाले ते सांगायचं. सक्ती ठेवली, पण पुस्तक घरी नेण्यापुरती. पूर्ण केलंच पाहिजे अशी अट ठेवली नाही. यावर आमच्यात आजही मतभेद आहेत. मला ही सक्ती योग्य वाटते, कारण ती पाळण्यासाठी शाळेला आधी पुस्तक द्यावं लागतं.

काय निष्पन्न झालं

६८ मुलांपैकी ६१ जणांनी पुस्तकं नेली. बोलण्यावरून ४२ जणांनी निदान एक पुस्तक पूर्ण केलं होतं, उरलेल्यांनी मध्येच सोडलं. सात जणांनी नेलंच नाही, त्यातले पाच त्या भावकीच्या वादातल्या वाडीतले. ही मुलं वेगळी, त्यांचं सहावीचं वर्ष आधीच्या मुलांइतकं बुडालेलं नव्हतं. त्यामुळे दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवून फार मोठा निष्कर्ष काढू नये. नक्कल मात्र उरली नाही, कारण नक्कल करण्यासारखं काही मागितलंच नव्हतं.

अर्धवट सोडणाऱ्यांशी बोलताना बरंच कळलं. तीन मुलांनी ‘एक होता कार्व्हर’ सुरुवातीच्या काही पानांतच सोडलं होतं. पुस्तक आवडलं नव्हतं असं नाही, अक्षर बारीक आणि रात्री वीज नसायची. एका मुलीने सांगितलं की भाऊ ओरडायचा, ‘परीक्षा झाली ना, आता कशाला वाचतेस?’ तिच्या घरी जाऊन बोलायला हवं होतं. पाच मिनिटांचं बोलणं ऑगस्टपर्यंत लांबलं, तोवर तिचा उत्साह गेला होता. पुढच्या वेळी ही बोलणी सुट्टीतच, बाजाराच्या दिवशी पुस्तक परत करतानाच व्हायला हवीत.

सहा पुस्तकं परत आली नाहीत, दोन पहिल्या पावसात भिजली. निर्लेखनाच्या मर्यादेत बसली.

त्या सहांपैकी एक नेपाळला गेलं आहे. आंब्याच्या बागेत राखणीला येणाऱ्या एका नेपाळी कुटुंबातला मुलगा आमच्याकडे तीन वर्षं शिकत होता, मराठी आमच्याइतकीच बोलायचा. हंगाम संपला आणि मेअखेरीला ते गावी गेले. या वेळी ते परतले नाहीत. त्याने ‘किशोर’चा एक बांधीव खंड नेला होता. चित्रकलेच्या सरांनी रजिस्टरमध्ये त्या खंडापुढे ‘गहाळ’ लिहायला पेन उचललं होतं. मी त्यांना ‘वाचकाकडे’ असं लिहायला सांगितलं आणि त्यांनी तसं लिहिलं.